काशिरामची गाडी ओढत नव्हती

काशिराम घरतनं आयुष्याची पहिली तीस वर्षं मिठागरात काढली. न्हावा शेव्याच्या बाजूला खाडीला लागून घरतांचं आगर होतं. बाप, भाऊ, भावजया, सगळे पायांनी चिखल तुडवून वाफे बांधायचे आणि उन्हाळ्यात मीठ ओढायचे. खाऱ्या पाण्यात पाय असे राठ होतात की काटा मोडला तरी माणसाला पत्ता लागत नाही. काशिराम हे अभिमानानं सांगायचा. "आमचे पाय म्हंजी टायर," म्हणायचा.

मग बंदर आलं आणि आगर गेलं. जमिनीच्या भरपाईतून भावांनी स्लॅबची घरं बांधली, मोटारसायकली घेतल्या. काशिरामनं एक जुना ट्रक घेतला. पुढे लांब नाक असलेला, दोन मालकांच्या हातून आलेला. भाऊ हसले. "पाण्यातला माणूस तू, रस्त्यावर काय करशील?" पण काशिरामला एवढंच कळत होतं की जमीन परत येणार नाही, आता जे घ्यायचं ते रोज चालणारं पाहिजे. तो गाडी शिकला, लायसन काढलं आणि भामाला, म्हणजे बायकोला, घेऊन तिच्या माहेरी कोनला येऊन राहिला. भामाचा भाऊ भगवान त्याच्या गाडीवर क्लीनर झाला.

आपट्याला नदीच्या काठानं वीटभट्ट्या होत्या आणि नव्या पनवेलात इमारती उठत होत्या. आपट्याहून विटा भरायच्या आणि पनवेलात उतरवायच्या, हे काम बरीच वर्षं पुरेल असं होतं. भट्टीचा मालक दयारामशेठ काशिरामवर खूश होता, कारण त्याच्या गाडीतून विटा कमी फुटायच्या. वाटेत अवघड म्हणावी अशी एकच जागा होती, कर्नाळ्याची खिंड. भरलेली गाडी तिथं तिसऱ्या गिअरमध्ये गुरगुरत चढायची आणि वर गेली की काशिराम बिडी पेटवायचा.

ब्याण्णव सालच्या हिवाळ्यात एका सकाळी ती चढेना.

तिसऱ्यातून दुसऱ्यात आणावी लागली, दुसऱ्यातून पहिल्यात. मागून एसटी हॉर्न देत होती. शेवटी भगवान खाली उतरला आणि लाकडाचा ठोकळा हातात धरून मागच्या चाकाबरोबर चालत राहिला, गाडी मागे घसरली तर चाकाखाली टाकायला. माणूस चालत होता आणि गाडी त्याच्याच चालीनं वर सरकत होती. एसटीचा ड्रायव्हर बाजूनं पुढे काढताना मान बाहेर काढून म्हणाला, "बैल जुंपा, बैल!"

"डिझेलमदी कचरा आला असंल," काशिराम म्हणाला.

दोघांनी मिळून टाकी धुतली, फिल्टर बदलला, पाइपातली हवा काढली. पुढच्या खेपेला गाडी बरी चढली. त्याच्या पुढच्या खेपेला पुन्हा तेच. मग कधी चढायची, कधी नाही. याचंच काशिरामला जास्त भय वाटू लागलं. मोडलेली वस्तू मोडलेली असते. जी एक दिवस नीट चालते आणि दुसऱ्या दिवशी नाही, तिचं काय करायचं?

पळस्पे फाट्याला शफीभाई बुबेरेचं गॅरेज होतं. शफीभाई पनवेलचाच, पन्नाशीचा, जाड भिंगांचा चष्मा लावणारा. जुन्या गाड्यांत त्याचा हात बसलेला होता. त्यानं बॉनेट उघडलं आणि काशिरामला आत बसवलं.

"एक्सिलेटर दाब. पूर्ण."

काशिरामनं खाली बघून दाबला.

या गाडीच्या इंजिनात हवा जिथून शिरते त्या नळीच्या तोंडाशी पितळेची एक गोल झडप होती. एक्सिलेटरपासून निघालेली लोखंडी दांडी ती झडप फिरवायची. झडप पूर्ण उघडली तरच पंप पूर्ण डिझेल सोडायचा. अर्धी उघडली तर इंजिनला अर्धपोटी ठेवायचा. शफीभाईनं दांडीचे सांधे हलवून बघितले. झिजून सैल झाले होते.

"हे बघ, ढिल्लं झालंय. तू पूर्ण दाबतोस, पण झडपेपर्यंत पूर्ण पोचत नाही. खामखा इंजिनला बदनाम करतोस." त्यानं सांधे बदलले, दांडीची लांबी कमी केली, पुन्हा पुन्हा दाबायला लावून झडप उघडलेली बघितली. मग स्वतः चालवून शिरढोणपर्यंत जाऊन आला. "वाऱ्यासारखी पळते. जा."

गाडी त्या दिवशी खिंडीत अर्ध्यावर गेली आणि मेली. बंद पडली नाही, पण इंजिन नुसतं कण्हत राहिलं. काशिराम मांडीनं जोर लावत होता, दात खात होता. उतरून त्यानं बॉनेटवर जॅकचा दांडा हाणला. पत्र्याला पोचा पडला. भगवाननं त्याचा हात धरला.

"दाजी, लोक बघतात."

"बघू दे! मी काय चोरी केली हाय का?"

त्यानंतर महिनाभर गाडी आणि शफीभाईचं गॅरेज याशिवाय काशिरामचं कुठं लक्ष राहिलं नाही. शफीभाईनं पंप उतरवून तपासायला पाठवला. नोझल साफ करून आणले. झडपेपासून पंपाकडे जाणारा रबरी पाइप बदलला. दांडी आणखी आखूड केली, इतकी की गाडी उभी असतानाही इंजिन जोरात घोंगावू लागलं. मग ती पुन्हा लांब करावी लागली. दर वेळी गॅरेजात सगळं बरोबर दिसायचं. शफीभाई चालवायचा तेव्हा गाडी पळायची. काशिरामनं विटा भरून खिंडीत नेली की ती मरायची.

"रिकामी गाडी कोणीबी पळवंल," काशिराम एकदा ओरडला. "माल भरून बघ! तू माझ्या गाडीचं वाटोळं केलंस, शफीभाई."

"अल्लाकसम, मला जे दिसतं ते मी केलं," शफीभाई म्हणाला. त्याचाही आवाज चढला होता. "तुला दुसरा मिस्त्री मिळत असेल तर ने."

काशिराम दुसऱ्याकडे घेऊनही गेला. दुसऱ्यानं सांगितलं, इंजिन संपलं, खोलून बांधावं लागेल. तिसरा म्हणाला, विकून टाक.

इकडे दयारामशेठ वाट बघून थकला. "काशिराम, बिल्डर माझ्या नावानं बोंबलतो. तुझी गाडी दिवसाला एक फेरी मारते, तीही होईल की नाही याचा भरवसा नाही." त्यानं दुसऱ्या दोन गाड्या लावल्या. काशिरामला उरलासुरला माल द्यायचा, तोही तोंड वाकडं करून.

भामानं गाडीवरून लिंबू उतरवून टाकलं. काळा दोरा बांधला. काशिराम जेवायला बसायचा आणि ताटात बोटं फिरवत राहायचा. एकदा ती म्हणाली, "तुमच्या भावांकडं जाऊन बघा. काय तरी काम देतील." तेव्हा त्यानं ताट ढकललं. भात चुलीपर्यंत उडाला. तो उठला, उघड्या पायांनी चुलीजवळून गेला आणि बाहेर पडला. बाहेर सांडलेल्या एका निखाऱ्यावर त्याचा पाय पडल्याचं भामानं पाहिलं. तो थांबला नाही. रागात माणसाला कळत नाही, असं तिला वाटलं.

त्याच सुमारास कोनच्या वळणावर एक वासरू आडवं आलं. गाडी थांबायला हवी होती तिथं थांबली नाही. वासराला धक्का लागला. ते लंगडत पळालं, पण जगलं. काशिराम तडक गॅरेजात. "ब्रेक बघ. ब्रेक लागत नाय."

शफीभाईनं चारही चाकं खोलून बघितली. ब्रेक उत्तम होते. हात पुसत तो म्हणाला, "उद्या मी तुझ्यासोबत येतो. आपट्याहून भरून. तू चालव, मी नुसता बसतो."

दुसऱ्या दिवशी उन्हं चांगली चढल्यावर ते भरून निघाले. भगवान मागे विटांवर बसला. आपटा फाटा सोडून हमरस्त्याला लागले तोवर गाडी ठीक होती. खिंड सुरू झाली आणि काशिरामनं गिअर उतरवला. शफीभाई कान देऊन ऐकत होता. इंजिनचा आवाज वाढायला हवा होता, तो वाढला नाही. आरशात त्यानं मागे धूर बघितला. भार ओढणाऱ्या इंजिनचा काळा धूर निघतो, इथं धूरच नव्हता. म्हणजे इंजिनला पुरेसं डिझेल मिळत नव्हतं.

"पूर्ण दाब, काशिराम."

"दाबलाय!"

"अजून दाब."

"अरे, दाबलाय ना! तळाला लागलाय पाय, अजून कुठं दाबू?" त्याच्या कपाळावरून घाम गळत होता. नजर रस्त्यावर खिळलेली होती.

शफीभाईनं वाकून खाली बघितलं.

एक्सिलेटर जेमतेम अर्धा खाली होता. त्याच्या शेजारी जमिनीचा पत्रा गंजून उचकटला होता आणि त्याचा काठ बोटभर वर आला होता. काशिरामचा पाय एक्सिलेटरवरून कडेला घसरला होता. अर्धा तळवा त्या काठावर टेकला होता, आणि काशिराम सगळी ताकद त्या काठावर लावत होता. चप्पल कधीच निसटून मागे पडली होती. त्या पत्र्याखालूनच सायलेन्सरचा पाइप जायचा. शफीभाईनं पत्र्याला बोट लावलं आणि चटकन मागे घेतलं.

"गाडी बाजूला घे," तो म्हणाला.

"चढावर? परत उचलणार नाय."

"घे म्हणतो ना."

भगवाननं चाकाखाली ठोकळे टाकले आणि तो मागेच थांबला. शफीभाई म्हणाला, "पाय वर कर. उजवा." काशिरामनं तळवा वळवून दाखवला. मधोमध एक लांबट, ओला, पांढुरका फोड फुटलेला होता. त्याच्या खाली जुन्या दोन-तीन जखमांचे काळे वण होते. काठाच्या मापाचे.

"दुखत नाही?"

"नाय. मिठागरातले पाय हायत ते," काशिराम म्हणाला. पण तोही त्या जखमेकडे बघत राहिला. ती त्यानं यापूर्वी पाहिलेलीच नव्हती.

शफीभाईनं खिशातला स्क्रू ड्रायव्हर काढला. "तिकडे बघ. झाडाकडे. मी लावतो तेव्हा सांग." काशिरामनं झाडाकडे तोंड केलं. शफीभाईनं टोक अंगठ्याला लावलं, मग करंगळीला, मग टाचेला. काशिराम थांबून राहिला होता.

"लाव ना," तो म्हणाला.

शफीभाईनं स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला. त्याची नजर काशिरामच्या पोटरीवर गेली. तिथं तळहाताएवढा फिकट चट्टा होता. त्यानं एकदम स्वतःचे हात मागे घेतले आणि विजारीला पुसले. त्याच्या एका चुलत्याला हा रोग होता. घरच्यांनी त्या चुलत्याला शेवटपर्यंत मागच्या खोपटात ठेवलं होतं.

"काशिराम, गाडी चांगली आहे," तो म्हणाला. "पहिल्या दिवसापासून चांगली होती. मीच तिला खोलत बसलो. गॅरेजात तू खाली बघून दाबतोस, तेव्हा बरोबर दाबतोस. रस्त्यावर नजर पुढे असते, पाय कुठे आहे ते तुला कळत नाही." मग त्यानं विचारलं, "ओढत नाही ते सोड. ब्रेक कोणत्या पायानं दाबतोस?"

काशिरामनं उजवा पाय खाली घेतला.

उरलेली खिंड शफीभाईनं गाडी चालवली. विटांनी भरलेली गाडी तिसऱ्या गिअरमध्ये, काळा धूर सोडत, चढली. क्लीनरच्या जागी बसून काशिराम ते ऐकत होता. इतके दिवस ज्या आवाजासाठी त्यानं जीव टाकला होता तोच आवाज होता तो. वर पोचल्यावर त्यानं बिडी पेटवली नाही.

गॅरेजात पोचल्यावर शफीभाईनं आधी साबण लावून हात धुतले. पुन्हा धुतले. चहा आला तेव्हा त्यानं काशिरामचा पेला हातात दिला नाही, बाकावर ठेवला. "मोठ्या दवाखान्यात दाखव," तो खाली बघत म्हणाला. "मी कोणाला बोलणार नाही." काशिरामनं चहा घेतला नाही.

त्यानं भामाला काही सांगितलं नाही. भगवानला सांगितलं, शफीभाईला दोष सापडला, पत्र्याचा काठ अडत होता. त्यात खोटं काहीच नव्हतं. त्यानं हातोडीनं काठ ठोकून सपाट केला, एक्सिलेटरच्या कडेला लाकडाची पट्टी ठोकली म्हणजे पाय सरकणार नाही, आणि जाड तळाचे बूट आणले. गाडी चालवताना तो मधून मधून खाली बघायचा. पाय दिसला की जोर लावायचा.

आणि गाडी खिंड चढली. एकदा नाही, रोज. दयारामशेठ म्हणाला, "आता कसं!" आणि पूर्वीइतका माल द्यायला लागला. भामाला वाटलं, लिंबाचा गुण आला. काशिराम मात्र घरी आला की ओसरीवर पाय पोटाशी घेऊन बसायचा आणि एकेका बोटाला चिमटे काढायचा. डाव्या पायाला काढायचा, मग उजव्याला. रोज उजव्याला थोडा जास्त जोरात. पोटरीवरचा चट्टा झाकायला त्यानं ऐन उन्हाळ्यात फुलपँट घालायला सुरुवात केली. दवाखान्यात गेलं की नाव पडणार. नाव पडलं की भट्टी जाणार, गाव जाणार, कदाचित भामाही जाणार. गेलं नाही तर निदान आजचा दिवस आहे. असं करत त्यानं चैत्र काढला.

कर्नाळ्याच्या उतारावर पनवेलच्या बाजूला ठाकर बायका करवंदं घेऊन बसायच्या. त्यातली एक सोनाबाई, म्हातारी. रस्त्याच्या अगदी कडेला, एका दगडाला टेकून बसायची. त्या दिवशी दुपारी काशिराम भरलेली गाडी घेऊन खिंड चढला, माथा ओलांडला आणि उताराला लागला. पुढे एक टेम्पो करवंदं घ्यायला अचानक थांबला.

काशिरामनं ब्रेक दाबला. पूर्ण जोरानं दाबला. गाडी सुटतच राहिली. बुटाचा पुढचा भाग ब्रेकच्या दांडीखाली अडकला होता आणि सगळा जोर खालच्या पत्र्यावर जात होता. त्याला हे कळलं नाही. त्याला वाटलं, ब्रेक गेला. खाली बघायला वेळ नव्हता. त्यानं हँडब्रेक ओढला, गिअर खाली मारला आणि स्टिअरिंग डोंगराकडे वळवलं. गाडी कडेच्या मातीत घुसली, विटांचा एक थर धडधडत खाली आला आणि नाक दगडाला लागून थांबलं.

धूळ बसली तेव्हा सोनाबाई चाकापासून हातभर अंतरावर बसलेली होती. तिची टोपली चाकाखाली होती. करवंदांचा काळा रस मातीत पसरला होता.

बाकीच्या बायका ओरडत धावल्या. सोनाबाई उठलीसुद्धा नाही. तिची वाचा परत यायला थोडा वेळ लागला आणि आली ती तापूनच आली. "मेल्या, डोळं फुटलं का? मानूस बसलाय तं दिसत नाय? मी मेली असती तं माझ्या म्हाताऱ्याला कोन घालणार होतं?"

काशिराम खाली उतरला. दार धरून उतरला. तिच्यासमोर मातीत बसला. "म्हातारे, दिसत होतं," तो म्हणाला. "पाय नाय माझा." तिला काही कळलं नाही. "हाय की पाय! दोन-दोन हायत!" ती म्हणाली. बायका हसल्या, मग त्याचं तोंड बघून गप्प झाल्या.

मागे विटांवर बसलेला भगवान ढिगातून खरचटून बाहेर आला होता. काशिरामनं खिशातून किल्ली काढून त्याच्या हातात दिली.

"शफीभाईला बोलवून आण. गाडी तो नेईल."

"दाजी, ब्रेक फेल झाला का?"

"ब्रेक चांगला हाय." मग सगळं त्यानं तिथंच सांगितलं, बायकांच्या देखत. चट्टा, स्क्रू ड्रायव्हर, वासरू. महारोग हा शब्द त्याच्या तोंडून पहिल्यांदा बाहेर पडला तेव्हा दोन बायका मागे सरकल्या. सोनाबाई सरकली नाही. तिला बहुधा ऐकू आलं नसावं.

पनवेलात कुष्ठरोगाचा दवाखाना आठवड्यातून एकदा भरायचा. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी काशिरामला डोळे मिटायला सांगितले आणि पेनाच्या टोकानं पायाला स्पर्श करत गेल्या. गुडघ्याच्या बाजूची नस बोटांनी चाचपली. "बरीच जाड झाली आहे," त्या म्हणाल्या. "आजार बरा होईल, काशिराम. गोळ्या फुकट आहेत, दोन वर्षं घ्यायच्या, एकही चुकवायची नाही. गोळ्या सुरू झाल्या की घरच्यांना धोका राहत नाही."

"पाय?"

"दोन वर्षांपूर्वी आला असतात तर..." त्यांनी पेन खाली ठेवलं. "पायातली संवेदना परत येईल असं मी सांगू शकत नाही. आणि गाडी आता चालवायची नाही."

भामाला भगवाननं सांगितलं. ती दोन दिवस काशिरामशी बोलली नाही. त्याला वाढायची, पण ताट ठेवून लांब जायची. तिनं अंथरूण वेगळं केलं. तिसऱ्या दिवशी ती कुणाला न विचारता पनवेलला गेली आणि डॉक्टरीणबाईंसमोर बसली. "मला खरं सांगा, बाई. मला भ्या वाटतंय." बाईंनी तिला सगळं समजावलं, तिचं अंग तपासलं. तिला काही नव्हतं. परत आली ती रडून डोळे सुजवून आली, पण अंथरूण पुन्हा जागेवर आलं.

गावानं ऐकायचं ते ऐकलंच होतं. भट्टीवरचे मजूर म्हणाले, त्या गाडीत आम्ही विटा भरणार नाही. दयारामशेठ नजर चुकवत भगवानला म्हणाला, "तुझं काही नाही रे. पण लोकांना कोण समजावणार?" भगवाननं लायसन काढलं आणि उरणच्या बाजूला खडीचं काम धरलं, जिथं ही बातमी पोचली नव्हती. काशिराम घरी राहिला. पहिल्या गोळीनं लघवी लाल झाली. पुढच्या महिन्यांत त्याच गोळ्यांनी कातडी काळवंडली. शेजारची पोरं कुंपणावरून बघायची आणि पळायची.

पावसाच्या तोंडाला एक दिवस तो कुणाला न सांगता उठला आणि एसटीनं खाडीकडे गेला. कशासाठी गेला ते त्यानं नंतरही नीट सांगितलं नाही. "पाण्यात जायचं होतं," एवढंच म्हणाला. पण पाणी सापडलं नाही. जिथं आगर होतं तिथं मुरुमाचा भराव होता, तारेचं कुंपण होतं आणि आत कंटेनरवर कंटेनर रचलेले. आपला वाफा कुठला, बापाची झोपडी कुठली, त्याला काहीच ओळखू येईना. तो कुंपणाला धरून उभा राहिला. पहारेकऱ्यानं शिटी मारली तेव्हा निघाला.

संध्याकाळी घरी पोचला तेव्हा भामा रस्त्यावर उभी होती. तिनं त्याला हाताला धरून आत आणलं. त्याला ओसरीवर बसवलं, घमेल्यात पाणी आणलं आणि उजवा पाय हातात घेतला, डॉक्टरीणबाईंनी शिकवल्याप्रमाणे. टाचेत तारेचा तुकडा पार आत गेला होता. तिनं भगवानच्या हत्यारांतली पकड आणली आणि तो ओढून काढला. रक्त आलं.

"लागलं?"

"नाय."

तेव्हा ती रडली. त्याचा पाय मांडीवर घेऊन, मोठ्यानं, शेजाऱ्यांना ऐकू जाईल असं रडली. काशिराम गोंधळला. मग त्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवला. पाण्यात जायची गोष्ट त्यानं त्यानंतर कधी काढली नाही.

दवाखान्यातून मऊ काळ्या रबराच्या चपला मिळाल्या होत्या. त्या बघितल्या की लोकांना रोग कळायचा, म्हणून तो त्या घालत नसे. भगवाननं पनवेलच्या चांभाराकडून तेच रबर कॅनव्हासच्या साध्या बुटांत आतून बसवून आणलं. "आता चला," तो म्हणाला. "मला खाणीत रिव्हर्स घ्यायला माणूस लागतो. तिथं दरी हाय. मी कुणावर इस्वास ठेवू?"

काशिराम आधी नाहीच म्हणाला. आपल्याच गाडीत क्लीनरच्या जागी बसायचं त्याला जमेना. तीन-चार वेळा तो फाटकापर्यंत येऊन परत गेला. शेवटी गेला एकदाचा. खडीच्या खाणीत उतरून, गाडीच्या मागे उभं राहून, हात हलवत "येऊ दे, येऊ दे, बास!" असं ओरडू लागला. हळूहळू दुसरे ड्रायव्हरही त्याला बोलवू लागले.

शफीभाईकडे गाडी अधूनमधून जायची. तो काशिरामशी बोलायचा, पण मोजकं, आणि चहा बाकावरच ठेवायचा. काशिराम आता तो घ्यायचा.

दोन वर्षांनी डॉक्टरीणबाईंनी शेवटची तपासणी केली. "संपला तुमचा आजार," त्या म्हणाल्या. काशिरामनं डोळे मिटून पाय पुढे केला. त्यांनी पेनाचं टोक लावलं. त्याला काही कळलं नाही. त्यानं डोळे उघडले, मान हलवली आणि बूट घातले.

भामा बाहेर बाकावर होती. "काय म्हनल्या?"

"रोग गेला."

"आनि पाय?"

"हाय तसाच."

ती उठली. भगवान गाडी घेऊन सकाळीच खाणीवर गेला होता आणि काशिरामला दुपारच्या आत तिथं पोचायचं होतं. दोघं नाक्यावर जाऊन उरणच्या टेम्पोची वाट बघत उभे राहिले.